ताण कुणी तोडायचा?

संत्र्याच्या बागेत झाडाला ताण देतात. तुमच्यातले जे वरुड, मोर्शी, काटोलकडचे आहेत त्यांना हे सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. डिसेंबर लागला की बागाईतदार झाडाचं पाणी बंद करतो. महिना-दीड महिना थेंब नाही. जमीन भारी काळी असली तर आणखी काही दिवस. वरून थंडी. झाड वाढायचं थांबतं. पानं पिवळी पडतात, काही गळतात. बघणाऱ्याला वाटतं, गेलं झाड. मग ठरल्या दिवशी तो खत घालतो, हलकं पाणी सोडतो आणि जानेवारी-फेब्रुवारीत तेच झाड फुलांनी पांढरं होतं. ह्याला आंबिया बहार म्हणतात. मे महिन्यात ताण देऊन पहिल्या पावसावर फुलवतात तो मृग बहार.

म्हणजे काय, तर उपाशी ठेवलं की झाड फुलतं.

हे ऐकलं की सभेत टाळी पडते. आपल्या सभेत तर हमखास पडते. ठाण्यातल्या एका कार्यक्रमात मी गिरणीवरची कविता वाचली होती. अध्यक्ष मोठे साहित्यिक. शेवटी बोलायला उठले आणि म्हणाले, ह्या मुलांना दुःखाचं खत मिळालंय म्हणून ह्यांची कविता अशी जोमानं येते, आमच्या मुलांना असलं खत कुठून मिळणार! टाळ्यांचा कडकडाट. मला शाल, नारळ. ती शाल आई थंडीत पांघरते, एवढा त्या भाषणाचा उपयोग झाला.

मला त्या टाळ्यांचा हिशोब करायचाय. शास्त्र मी शिकलेलो नाही. शाळा आठवीत सुटली, पुढचं जे काही वाचलं ते रद्दीच्या दुकानात उभं राहून आणि सहा डिसेंबरला दादरच्या स्टॉलवरून पुस्तकं आणून. तेव्हा हा हिशोब मी एका संत्र्याच्या कलमावर करतो. दुसरं झाड माझ्याकडे नाही.

कलम आलं ते असं. माझी मावशी अमरावती जिल्ह्यातल्या वरुड तालुक्यात, शेंदुरजनाघाटच्या बाजूला राहते. तो सगळा मुलूख संत्र्याच्या रोपवाटिकांचा. मावशी तिथे पिशव्यांत माती भरायच्या कामावर जाते. दिवसभर उकिडवं बसायचं, माती-शेणखत कालवायचं, काळी पिशवी भरायची, ओळीत लावायची. संत्र्याचं रोप बियांपासून करत नाहीत. आधी जंबेरीची बी टोकतात. जंबेरी म्हणजे रानटी, आंबट, काटेरी लिंबू. तिचं रोप पेन्सिलीएवढं जाड झालं की जमिनीपासून वीतभर उंचीवर साल चिरून त्यात संत्र्याचा डोळा बसवतात आणि पट्टीनं बांधतात. डोळा फुटला की वरचा जंबेरीचा शेंडा छाटून टाकतात. खाली मूळ जंबेरीचं, वर झाड संत्र्याचं. बाजारात नाव एकाचंच.

२०२४ च्या अशोक विजयादशमीला मी आणि मावसभाऊ दीक्षाभूमीवर गेलो होतो. परतताना मावशीकडे एक रात्र राहिलो. निघताना तिनं एक कलम हातात दिलं. मालकानं त्याचे पैसे तिच्या हप्त्यातून कापले होते. म्हणाली, "घेऊन जा बाबू, खोलीत हिरवं काही असावं." तिचं पोरगं तर जुलैतच माझ्याकडे आलं होतं. ठाण्याच्या कॉलेजात एफवाय बीएस्सीला नाव लागलं, होस्टेल मिळालं नाही, म्हणून आमच्या खोलीत. असं तिनं चार महिन्यांत दोन रोपं माझ्या हवाली केली. जनरलच्या डब्यात रात्रभर ते कलम मावसभावाच्या मांडीवर उभं होतं. कल्याणला उतरलो तेव्हा दोन पानं गळलेली होती, बाकी ठीक.

नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. 'नागपुरी' हे नाव त्या मुलखातल्याच फळाला लावायचं, बाहेरच्यानं लावायचं नाही. गावाचं नाव लागलं की फळाचा भाव वाढतो. जुलैत मावसभाऊ ठाण्यात कॉट-बेसिसवर जागा शोधत हिंडला तेव्हा त्याला आधी गाव विचारलं, मग आडनाव विचारलं, मग जागा कालच गेलेली होती. तीन ठिकाणी कालच गेलेली होती. फळाला गावाचं नाव चालतं, पोराला चालत नाही.

आमची खोली माजिवड्यात. हायवे आणि घोडबंदर रोड जिथं एकमेकांना भिडतात त्या नाक्याच्या मागे. पत्र्याचं छप्पर, दहा बाय बारा, एका कोपऱ्यात मोरी, वर फळ्या टाकून पोटमाळा. दार दक्षिणेकडे. दारात दीड हाताचा ओटा. तेलाच्या पंधरा किलोच्या डब्याला खिळ्यानं भोकं पाडून, तळाशी विटांचे तुकडे घालून मावसभावानं कलम त्यात लावलं. लावताना सांधा मातीच्या वर ठेवला. सांधा मातीत गेला की तिथून कूज लागते, हे त्याला आईकडून ठाऊक.

नोव्हेंबर बरा गेला. मग पाऊस संपल्यावर नाक्यावर जी धूळ उठते ती उठली. ट्रक, टँकर, डंपर रात्रंदिवस. दुपारपर्यंत पानावर बोटानं नाव लिहावं इतका थर. पान म्हणजे झाडाची चूल. तिच्यावर धूळ बसली की ऊन पोचत नाही, स्वयंपाक होत नाही. आणि धुळीत कोळी माजतो. टाचणीच्या टोकाएवढा, पानाच्या पाठीवर बसून रस ओढतो, पान आधी ठिपक्या-ठिपक्यांचं आणि मग राखेसारखं होतं. त्यात डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात गल्लीत गटाराचं काम निघालं. कुठल्याशा ठेकेदाराच्या माणसांनी घमेली धुतली ती आमच्या ओट्यापाशी. सिमेंटचं पाणी डब्यात. सिमेंटात चुना. चुन्यानं माती खारट-तुरट झाली की त्यात लोह असूनही मुळाला ते उचलता येत नाही. ताटात भाकरी आणि तोंडाला मुसकं, तसं. कोवळी पानं पिवळी, फक्त शिरा हिरव्या. आठ दिवसांत निम्मी पानं खाली.

त्याच दिवशी डबा आत घेतला.

थंडीनं केलं असं शेजारी म्हणाले. थंडीनं नव्हे. संत्र्याची वाढ साधारण तेरा अंशांच्या खाली थांबते, आणि ठाण्याला रात्री तेवढा गारठा क्वचितच पडतो. थंडी गरिबाघरच्या मरणाला कायम सापडणारं कारण आहे. धूळ कुणाची, सिमेंट कुणाचं, हे विचारावं लागत नाही.

मावशीला फोन लावला. तिला सांगितलं, मावशी, झाडानं ताण घेतलाय, पानं टाकतंय, बहाराच्या झाडासारखंच दिसतंय. फुलेल का? तिकडून ती हसली. मग म्हणाली, "काहून रे बाबू, लहान लेकराले कोनी उपास धरायले लावते का? ताण मोठ्या झाडाले. पाच वर्सं झाले, बुंधा भरला, अंगात खाल्लेलं-पेल्लेलं साठलं, त्या झाडाले ताण. थे साठलेल्यावर जगते अन् फुलते. ह्याच्या अंगात काय हाये? ह्याले ताण देशीन तं मरून जाईन."

दोस्तहो, हे वाक्य मी लिहून ठेवलं. आमच्या अध्यक्ष महाराजांच्या अख्ख्या भाषणाला हे एक वाक्य पुरे आहे. मग मी तिला खोदून खोदून विचारलं. तिनं सांगितलं त्यातून बागेतल्या ताणाचे तीन कायदे निघतात.

पहिला कायदा, ताण द्यायचा तो मुळं खोल गेलेल्या झाडाला. ताण फूल तयार करत नाही. झाडानं आधीच्या महिन्यांत पानांतून जे अन्न करून साठवलेलं असतं ते वाढीकडे न जाता फुलाकडे वळतं, एवढंच. साठा नसेल तर ताणातून काही निघत नाही.

दुसरा कायदा, ताण मोजून द्यायचा. हलकी जमीन, भारी जमीन, झाडाचं वय, सगळं बघून. मालक रोज बागेत फिरतो. पानं किती पिवळी झाली, किती गळली, बघतो. जास्त गळायला लागली की थांबतो.

आणि तिसरा, सगळ्यात मोठा. ताण तोडायचा दिवस आधीच ठरलेला असतो. 'ताण तोडणे' असाच शब्द आहे त्यांच्यात. त्या दिवशी पाणी द्यायचं म्हणजे द्यायचं. मोटर बंद असली तरी टँकर आणून द्यायचं. तो दिवस चुकला तर बहार नाही, आणि झाडही वाळतं.

आता आपल्याला जो ताण मिळाला त्याच्यावर हे तीन कायदे लावून बघा. कुणी वय बघितलं? कुणी मोजला? तोडायची तारीख कुणाच्या वहीत आहे?

मी भिवंडीत कामाला आहे. कशेळीच्या पुलावरून खाडी ओलांडली की आमचा मुलूख सुरू होतो. बारा तासांची रातपाळी, कानात चोवीस तास साच्याचा खडखडाट. आमच्याकडे तर ताणाशिवाय कापडच नाही. ताणा सैल असला तर धोटा नीट जात नाही. पण म्हणून कुणी कच्चं सूत तसंच साच्यावर चढवत नाही. आधी ते सायझिंगला जातं. तिथे त्याला कांजी पाजतात, गरम सिलिंडरवर वाळवतात, बीमवर गुंडाळतात. कांजीनं सुताच्या अंगावरची लव बसते, त्याला बळ येतं, मग ते साच्यावर ताण सोसतं. बीमला वजन किती टांगायचं तेही सुताच्या जाडीवर. बारीक सुताला जाडाचं वजन टांगलं तर पाचव्या मिनिटाला तारा तुटायला लागतात, साचा थांबतो आणि शेठ बोंबलतो. म्हणजे शेठलासुद्धा कळतं, की कांजी आधी, ताण नंतर. सुताचं नुकसान त्याच्या खिशाला लागतं ना. पोर तुटलं तर कुणाच्या खिशाला लागतं?

खोलीत झाड आणलं तर ते ठेवायचं कुठे, हा पुढचा प्रश्न. सूर्य हिवाळ्यात दक्षिणेकडे कलतो. आमचं दार दक्षिणेला, म्हणून ऊन आत येतं ते फक्त ह्याच दिवसांत. बावीस डिसेंबरच्या आसपास भर दुपारी सहा फुटी दारातून ऊन साडेपाच फूट आत येतं. मावसभावानं ते फरशीवर खडूनं आखलं आणि कोनाचं गणित मांडून दाखवलं. जूनमध्ये सूर्य डोक्यावर जातो, तेव्हा खोलीत दिवसा बल्ब. तर हिवाळ्यातला तो साडेपाच फुटांचा तुकडा. सकाळी नऊला सुरू होतो, दोन वाजता समोरच्या टॉवरची सावली दारात येते आणि तो संपतो. पाच तास. लिंबूवर्गातल्या झाडाला रोज निदान तेवढं ऊन तरी लागतंच.

आणि त्याच तुकड्यावर मी झोपतो. पाळीवरून आठला सुटायचं, नऊपर्यंत घरी यायचं, आणि जमीन गार असते म्हणून उन्हात अंथरायचं. मावसभाऊ पुस्तक घेऊन तिथेच बसतो, कारण उरलेल्या खोलीत अक्षर दिसत नाही. आईला पापड वाळवायला तीच जागा. साडेपाच फूट उन्हाला चार गिऱ्हाइकं. ज्यांच्या घरात बाल्कनी आहे त्यांना हा प्रश्न कळायचा नाही. त्यांच्यात झाडाला ऊन देणं हा छंद असतो. आमच्यात वाटणी करावी लागते.

आईनं वाटणी केली. नऊ ते दोन दारापाशी डबा. त्याच्या मागं पोरगं, पुस्तक घेऊन. मी भिंतीकडे, गोधडी दुहेरी करून. पापड पत्र्यावर. आई म्हणाली, "तू वाढलेला आहेस, तुला सावलीत झोप लागते. ह्या दोघांना नाही चालायचं." अक्षर न वाचता येणारी माझी आई मावशीचा पहिला कायदा फोनशिवाय बोलली.

झाडाचं काय काय केलं ते तपशिलात सांगतो, कुणाला उपयोगी पडेल. डबा दोन विटांवर ठेवला, म्हणजे तळाची भोकं मोकळी. सिमेंटचं पाणी धुवायला एकदाच भरपूर साधं पाणी वरून ओतून तळातून वाहू दिलं. मग बंद. पानं जुन्या बनियनच्या ओल्या फडक्यानं वरून-खालून पुसली, दर तीन दिवसांनी. कोळी आणि खवले कीड पुसण्यानंच निम्मी जाते. एकदम कडक उन्हातही ठेवलं नाही. आधी दोन दिवस आडोशाला, मग एक तास, मग वाढवत पाच तास. पाणी रोज नाही. मावशी म्हणाली, "बोट घालून पायजो. दोन पेरं कोरडी लागली तं देजो, नाई तं नको देजो." ज्या झाडाची निम्मी पानं गेली त्याला पाणीही निम्मंच लागतं. मुळं पाण्यात बसली की कुजतात, बुंध्यातून डिंक पाझरतो. त्या रोगाला डिंक्याच म्हणतात. मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मलम लावून तो आवरतो, पण बेताचं पाणी हा त्याच्यावरचा खरा इलाज. शेजारचे काका मूठभर युरिया घेऊन आले होते. मावशी फोनवर म्हणाली, "तापातल्या माणसाले पुरनपोळी चारतेत का?" आजारी मुळाला खत म्हणजे चटका. नवी पालवी दिसेपर्यंत खत नाही.

म्हणजे झाड दोन तऱ्हेनं मरतं. पाणी तोडून मरतं आणि लाडानं पाणी ओतूनही मरतं. शाल-नारळ हे दुसऱ्या तऱ्हेचं पाणी. वर्षभर फिरकायचं नाही आणि चौदा एप्रिलला पोराच्या गळ्यात चार हार घालायचे, ह्यानं मूळ धरत नाही.

जानेवारी उजाडला तरी झाड तसंच काडीसारखं. नखानं साल किंचित खरवडली. आत हिरवं होतं. हिरवं असलं की जिवंत, तपकिरी कोरडं असलं की गेलं. मावसभावाला दाखवलं. तो काही बोलला नाही. तेव्हा माझं त्याच्याकडे लक्ष गेलं. पोरगं महिनाभरात कुणाशी बोललं नव्हतं.

आईनं विचारलं तेव्हा कळलं. स्कॉलरशिप आलेली नव्हती. फॉर्म भरलेला, कागद लावलेले, कुठल्या टेबलावर अडकलंय ते कुणी सांगत नव्हतं. कॉलेजात दर आठवड्याला बाकी फी वाचून दाखवायचे, नाव घेऊन, वर्गात. संध्याकाळी एका कॅटररकडे ताटं उचलायला जात होता. आणि रात्री आपल्याच कार्यकर्त्यांनी त्याला बॅनर लिहायला बसवलेलं, अक्षर चांगलं म्हणून. एक वाजेपर्यंत. मी पाळीवर, मला पत्ता नाही. मी त्या कार्यकर्त्यांपैकी एकाला भेटलो. म्हणाला, "अरे चळवळीत घडतो माणूस. आपण नाही का घडलो? थोडा ताण पडला पाहिजे पोरांवर."

तोच शब्द. अध्यक्ष महाराज परके होते. हा आपला होता, माझ्याहून सात वर्षांनी मोठा, दोन वेळा लॉकअपमध्ये जाऊन आलेला. त्याच्याबद्दल मला आदर आहे आणि राहील. पण हे त्याचं चुकतंय, आणि ते ह्याच पानावर सांगितलं पाहिजे, कारण हे पान तो वाचतो.

दादा, तू घडलास हे खरं. तुझ्याबरोबरचे किती वाळले ते मोजलंस का? जो फुलला तो सांगायला उरतो. वाळलेलं झाड बागेतून उपटून जाळतात, ते भाषण करायला येत नाही. जानेवारी २०१८ मध्ये भीमा कोरेगावनंतर बंद झाला तेव्हा कित्येक कोवळ्या पोरांवर गुन्हे दाखल झाले. त्यातल्या किती जणांची पुढे नोकरीच्या पोलिस व्हेरिफिकेशनला दातखीळ बसली असेल? आपण त्यांच्या कोर्टाच्या तारखा लिहून ठेवल्या का? १७ जानेवारी २०१६ ला हैदराबादमध्ये रोहित वेमुला गेला तेव्हा त्याची सात महिन्यांची फेलोशिप अडकलेली होती. आपण सगळे त्याच्यासाठी रस्त्यावर उतरलो, ते बरोबरच होतं. पण ते सात महिने म्हणजे पाणी तोडलेले सात महिने होते. कुठलाही बागाईतदार झाडाला सात महिने ताण देत नाही. इतका ताण देणाऱ्याला बागेत उभं करणार नाहीत, खात्यात आणि कॉलेजात चालतो.

माझे आजोबा लालबागेत गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाख गिरणी कामगार बाहेर. आजोबा सांगायचे, दोन-तीन महिने निघतील असं वाटलं होतं, तेवढ्याची ज्वारी होती. साठ्यावर जगायची तयारी होती, म्हणजे मावशीचा पहिला कायदा पाळलेला होता. पण तो संप कधी अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही. आजही नाही. ताण दिला गेला, तोडला कुणी नाही. आजोबा घरातली भांडी विकून माजिवड्याला आले, ते ह्या पत्र्याखाली. गिरण्यांच्या जागेवर काय फुललं ते लालबाग-परळला मान वर करून बघा. ताण एकाला, बहार दुसऱ्याला, असंही बागेत होत नाही. तिथे निदान जे झाड उपाशी राहिलं त्याच्याच अंगावर फूल येतं.

जानेवारीच्या शेवटी डब्यात हालचाल झाली. पण सांध्याच्या खाली. एक हिरवागार, जाड, काटेरी धुमारा. जंबेरीचा. मावसभाऊ खूष. "दादा, बघ, मूळ कसं उसळलं! ह्यालाच वाढू दे. संत्रं म्हणजे वर बसवलेलं. खरं झाड हेच. आपणच हे." दहा वर्षांपूर्वी कुणी मला असं सांगितलं असतं तर मी रात्रीत कविता लिहिली असती. पण झाडाला कविता कळत नाही. सांध्याखालचा धुमारा ठेवला तर मुळानं ओढलेलं सगळं तिथे जातं आणि वरचा डोळा उपाशी मरतो. रानटी राहणं हा काही पराक्रम नाही. मावशीनं माती भरली, कुणीतरी साल चिरून डोळा बांधला, दोन वर्षं पोसला, ते ह्या मुळाला आणखी काही होता यावं म्हणून. आपल्याला काटेच शोभतात, असं सांगणारे गावात पुष्कळ होते. ते आपण आपल्याच पोरांना कशाला सांगायचं?

हे मी त्याला बोललो. तो बराच वेळ गप्प राहिला. मग ब्लेड आणलं आणि धुमारा त्यानंच बुडापासून काढला. हात लागून काटा बोटात गेला, रक्त आलं. म्हणाला, "आई रोज हेच करते, पिशव्या भरून झाल्या की. पानसोट काढते." फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सांध्याच्या वर, संत्र्याच्या बाजूला, एक डोळा फुगला. महिनाअखेर चार पानं. लहान, फिकी, पण पूर्ण हिरवी. फळाचं विचारू नका. चार-पाच वर्षं तरी नाही, आणि खाडीच्या ह्या दमट हवेत नागपुरी संत्रं गोड होईलच असंही नाही. झाड जगलं, सध्या एवढंच काम होतं.

आपण बाबासाहेबांचं महाड सांगतो. मार्च १९२७. सांगितलंच पाहिजे. पण त्याच्याआधी १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा निघाली आणि १९२५ साली तिनं सोलापुरात मुलांसाठी वसतिगृह काढलं, हे आपल्या भाषणात येत नाही. वसतिगृह म्हणजे काय? झोपायला जागा, दोन वेळचं ताट, वाचायला दिवा. पाण्याच्या लढाईच्या आधी पोरांना पाणी. तळ्यावर माणसं न्यायच्या दोन वर्षं आधी त्यांनी कांजीची सोय लावली. पुढे १९४५ ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ ला सिद्धार्थ कॉलेज. ते काही लढाई सोडून केलेलं काम नव्हतं. लढाईत उतरणाऱ्याच्या अंगात काही साठलेलं असावं, म्हणून केलेलं होतं.

त्या कार्यकर्त्याशी मी तीन वेळा भांडलो. चौथ्या वेळी तो स्वतः आमच्या खोलीवर आला, डबा बघितला, मावसभावाची फीची पावती बघितली. आता आमच्या वस्तीत असं ठरलंय. आम्ही अकरा जण, गिरणीवाले, रिक्षावाले, दोन घरकाम करणाऱ्या बाया. दर महिन्याच्या दहा तारखेला पगारातून शंभर-शंभर काढायचे. अकराशे रुपये होतात. दोन पोरं आणि एक पोरगी सध्या शिकतायत. ज्याची फी तुंबली त्याची आधी. परीक्षेच्या आधी महिनाभर त्यांना बॅनर, मोर्चा, स्टेज काही सांगायचं नाही. स्कॉलरशिपच्या टेबलापाशी त्यांनी एकट्यानं जायचं नाही, आमच्यातले दोघं सोबत जातील आणि कुठला कागद कुठे अडकलाय ते तारखेसह वहीत लिहितील. वही खिळ्याला टांगलेली आहे. पहिल्या पानावर मावसभावानं बॅनरच्या अक्षरात लिहिलंय, 'ताण तोडायची तारीख', आणि खाली रकाने आखलेत.

मावसभावाची स्कॉलरशिप हे लिहीपर्यंत आलेली नाही. त्याच्या रकान्यात सहा तारखा झाल्यात. सातवी येत्या सोमवारी. पाळी बदलून घेतलीय, मी जाणार आहे.

तुमच्या वस्तीत शिकणारी किती पोरं-पोरी आहेत, कुणाचं काय अडकलंय, कुठल्या तारखेपासून, ते पोस्टकार्डावर लिहून ह्या अंकाच्या पत्त्यावर कळवा. कविता नंतर पाठवा.

जयभीम.